सतरा वर्षांचा पाहुणा : एका किड्याच्या सात जातींचा इतिहास



वैशाख सरत आला की सह्याद्रीच्या कुठल्याही रानात भर दुपारी जरा उभे राहून पाहा. वारा पडलेला असतो, पाखरे सावलीला बसलेली असतात, आणि झाडाझाडांतून मात्र एकसारखा किर्रर्र आवाज चाललेला असतो. आपण सहज म्हणतो, "रातकिडे ओरडताहेत." पण रात्र कुठे आहे? ऊन तर डोक्यावर आहे. हा ओरडणारा जीव रातकिडा नव्हेच. त्याला शास्त्रात सिकाडा म्हणतात.

आता कुणी म्हणेल, किडा तो किडा, नावात एवढे काय आहे? तर आज मला हेच सांगायचे आहे की नावात पुष्कळ आहे. शेतकऱ्याला तर ते फार लवकर पटावे. रातकिडा, नाकतोडा आणि टोळ हे एका गणातले. त्यांना चावणारे जबडे असतात, ते पाने कुरतडतात. सिकाडा हा मावा, तुडतुडे आणि ढेकूण यांच्या गणातला. त्याला जबडे नाहीत, सोंड आहे. तो पाने खात नाही, झाडाचा रस शोषतो. आवाजाची तऱ्हाही निराळी. रातकिडा पंखावर पंख घासून आवाज काढतो. सिकाड्याच्या नराच्या पोटाच्या बुडाशी दोन बाजूंना दोन ताठ पडदे असतात. पत्र्याच्या डब्याचे झाकण अंगठ्याने दाबले की जसे टक् वाजते, तसे हे पडदे आतल्या स्नायूने ओढले की वाजतात. एका सेकंदात अशी कितीतरी टक्-टक् झाली की आपल्या कानाला ती एकच किर्र ऐकू येते.

जगात सिकाड्यांच्या तीन हजारांहून अधिक जाती माहीत झालेल्या आहेत. त्यांतल्या एका छोट्या घराण्याची हकीकत आज सांगतो. हे घराणे आपल्याकडचे नाही, ते उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले. त्यात जाती अवघ्या सात. पण त्या सात आहेत हे ठरायला माणसाला अडीचशे वर्षे लागली!

या किड्याचे आयुष्य मोठे विलक्षण आहे. मादी झाडाच्या कोवळ्या फांदीला चिरा पाडून त्यांत अंडी घालते. सहा ते आठ आठवड्यांनी अंड्यांतून इवलीशी पिले निघतात, जमिनीवर पडतात आणि मातीत शिरतात. तिथे झाडांच्या मुळांचा रस पीत ती राहतात. किती दिवस? दिवस नव्हे, महिने नव्हे, सतरा वर्षे! मग एका वसंतात आठ इंच खोलीवरची माती सुमारे अठरा अंश सेल्सियसपर्यंत तापली की एकाच सुमारास सगळी पिले वर येतात, झाडावर चढतात, कात टाकतात. काळे अंग, लाल डोळे, नारिंगी शिरांचे पंख. काही ठिकाणी एकरी पंधरा लाखांपर्यंत किडे मोजले गेले आहेत. पाखरे, खारी, कासवे पोट फुटेपर्यंत खातात, तरी पुष्कळ उरतात. चार-सहा आठवडे गाणे, जोडी जमवणे, अंडी घालणे, आणि मग मरण. पुढची सतरा वर्षे पुन्हा शांतता.

युरोपातून अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांनी हा प्रकार पाहिला तेव्हा ते घाबरले. त्यांना त्यांच्या धर्मग्रंथातली टोळधाड आठवली. त्यांनी या किड्याला टोळ म्हणायला सुरुवात केली. नाव चुकले, आणि नावाबरोबर भीतीही चुकीची आली.

या भीतीची एक नोंद आपल्याकरिता शिल्लक आहे. मेरीलँडमध्ये बेंजामिन बॅनेकर नावाचा एक शेतकरी होता. जन्म 1731 चा. आफ्रिकी वंशाचा, पण गुलाम नसलेला, स्वतंत्र माणूस. गणित आणि ज्योतिष तो बहुतेक स्वतःच शिकला आणि पुढे त्याने पंचांगे छापली. 1749 साली, तो सतरा वर्षांचा असताना, हे किडे लाखोंनी वर आले. आता पीक बुडणार, दुष्काळ पडणार असे वाटून त्याने ते मारायला सुरुवात केली. थोड्याच वेळात त्याला कळले की हे श्रम फुकट आहेत. 1766 साली किडे पुन्हा आले. 1783 साली पुन्हा आले. त्याने हिशेब घातला आणि आपल्या वहीत लिहून ठेवले की 1800 साली ते परत येतील. ते आले.

त्याच 1749 साली पेर काल्म नावाचा एक निसर्गशास्त्रज्ञ त्याच मुलखात, पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला हिंडत होता. तो स्वीडनच्या कार्ल लिनेअसचा शिष्य. सजीवांना दुहेरी लॅटिन नाव देण्याची पद्धत ज्याने रूढ केली, तोच हा लिनेअस. काल्मने किडे पाहिले, लोकांना विचारले, नमुने जमवले आणि 1756 साली आपली टिपणे स्वीडनमध्ये छापली. त्यावरून लिनेअसने 1758 साली या किड्याला नाव दिले सिकाडा सेप्टेंडेसिम. सेप्टेंडेसिम म्हणजे लॅटिनमध्ये सतरा. रंगावरून, आकारावरून, गावावरून नावे पडलेली आपण पाहतो. इथे वयावरून पडले.

गंमत पाहा. दोघांनी एकाच वर्षी एकच गोष्ट पाहिली. काल्मला पाठीशी विद्यापीठ होते, छापखाना होता. बॅनेकरला एक वही होती. 1806 साली तो वारला, आणि त्याच्या अंत्यविधीच्याच दिवशी त्याचे घर जळाले. घरातले बहुतेक कागद गेले. ती वही तेवढी वाचली. एका माणसाने पन्नास वर्षे धरून ठेवलेला हिशेब आगीतून थोडक्यात निसटला, असेच म्हणावे लागेल.

लिनेअसच्या नावानंतर पुष्कळ वर्षे सगळ्यांची समजूत अशी, की सतरा वर्षांचा किडा एकच. पण हळूहळू या समजुतीला तडे जाऊ लागले.

पहिला तडा अंगाच्या मापावरून गेला. फिलाडेल्फियाच्या आसपास मोठ्या किड्यांत एक लहान किडा सापडू लागला. पोट काळे, आवाज निराळा. 1850 च्या सुमारास फिशर नावाच्या अभ्यासकाने त्याला वेगळी जात मानून जॉन कॅसिन या पक्षीतज्ज्ञाच्या नावावरून कॅसिनी म्हटले. पुष्कळांना ते पटले नाही. त्यांचे म्हणणे, हा मोठ्याचाच खुजा भाऊ, त्याला निराळी जात कशाला?

दुसरा तडा कालगणनेवरून. दक्षिणेत मिसिसिपी राज्यात वुडव्हिल गावी डी. एल. फेअर्स नावाचे डॉक्टर होते. त्यांनी 1845 साली गावच्या वर्तमानपत्रात लिहिले की आमच्याकडचे किडे सतरा नव्हे, तेरा वर्षांनी येतात. गावच्या पत्रात आलेली गोष्ट मोठ्या शहरातले विद्वान कधी वाचणार? बाल्टिमोरचे डॉ. गिडियन स्मिथ हे त्यांतल्या त्यात जागरूक. कोणत्या मुलखात कोणत्या साली किडे येतात याचा तपशील त्यांनी पत्रे पाठवून वर्षानुवर्षे गोळा केला. पण त्यांच्याही हयातीत ते हस्तलिखित छापले गेले नाही.

1868 साल उजाडले. त्या साली सतरा वर्षांचा एक मोठा समूह आणि तेरा वर्षांचा एक मोठा समूह, दोन्ही एकाच वेळी वर आले. इलिनॉयचे बेंजामिन वॉल्श आणि मिसुरीचे चार्ल्स रायली हे दोघे कीटकशास्त्रज्ञ कामाला लागले. तेरा वर्षांच्या किड्याला त्यांनी ट्रेडेसिम, म्हणजे तेरा, असे नाव दिले. आता खरा प्रश्न उभा राहिला. दोन किडे शेजारी ठेवले तर सहज फरक दिसत नाही. एक तेराव्या वर्षी येतो, दुसरा सतराव्या. एवढ्यावरून दोन जाती मानायच्या काय?

वॉल्शने हा प्रश्न थेट चार्ल्स डार्विनला लिहून विचारला. डार्विनच्या घरी तेव्हा हूकर आणि एसा ग्रे हे दोन नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ उतरले होते. त्यांच्याशी बोलून डार्विनने कळवले, की वाढीच्या काळाखेरीज दुसरा काही फरक सापडल्यावाचून त्यांना वेगळ्या जाती म्हणू नये असे या दोघांचे मत आहे, आणि त्याचाही कल तिकडेच आहे. शिक्षक बंधुभगिनींनो, जात म्हणजे काय हा प्रश्न वर्गात शिकवायला किती अवघड आहे, हे आपण जाणताच. तो खुद्द डार्विनलाही सोपा गेला नव्हता.

एकीकडे हा वाद चालला असताना दुसरीकडे शेतकऱ्याला एक साधे उत्तर हवे होते. किडे कोणत्या साली येणार? कारण कलमे आणि लहान रोपे यांच्या कोवळ्या फांद्यांना मादीने चिरा पाडल्या की फांद्या वाळून मोडतात. मोठ्या झाडाला त्याचे काही नाही, पण नव्या फळबागेला धक्का बसतो. साल आधी कळले तर लागवड पुढे ढकलता येते, रोपांवर जाळी घालता येते. म्हणून सरकारी कृषिखात्यातले चार्ल्स मार्लाट यांनी 1898 साली एक व्यवस्था लावून दिली. त्यांनी 1893 साल आरंभाचे धरले आणि दर वर्षाच्या समूहाला रोमन आकडा दिला. सतरा वर्षांच्या समूहांना एक ते सतरा, तेरा वर्षांच्यांना अठरा ते तीस.

इथे थोडे सावध राहिले पाहिजे, नाहीतर घोटाळा होतो. या समूहांना आपण शाळेच्या भाषेत तुकडी म्हणू. तुकडी म्हणजे एकाच वर्षी वर येणारे सगळे किडे. जात म्हणजे आपसांत जोडी जमवणारे एका कुळीचे किडे. एका तुकडीत तीन-तीन जाती असू शकतात, आणि एक जात अनेक तुकड्यांत विखुरलेली असते. एका वर्गात अनेक घरांतली मुले असतात, आणि एका घरची मुले अनेक वर्गांत असतात, तसेच हे. मार्लाटने तीस आकडे मांडले खरे, पण तेवढ्या तुकड्या प्रत्यक्षात निघाल्या नाहीत. आज सतरा वर्षांच्या बारा आणि तेरा वर्षांच्या तीन, अशा पंधरा तुकड्या हयात आहेत.

1925 साली न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर राहणारे विल्यम डेव्हिस यांनी या किड्यांसाठी स्वतंत्र प्रजाती मांडली. नाव मॅजिसिकाडा, म्हणजे जादूचा सिकाडाच म्हणा ना! घराला पाटी लागली. घरात माणसे किती, हे मात्र अजून ठरायचे होते.

ते ठरले कानाने. मिशिगन विद्यापीठातले रिचर्ड अलेक्झांडर आणि थॉमस मूर यांनी या किड्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि बारकाईने ऐकली. त्यांना तीन तऱ्हेची गाणी सापडली. एक लांब सूर लावून शेवटी खाली उतरतो. दुसरे आधी टक्-टक् करून मग सळसळ वाढवत नेते. तिसऱ्यात ठेक्याने एकामागून एक छोटे तुकडे येतात. वेळाही वाटून घेतलेल्या. पहिले गाणे सकाळी जोरात, तिसरे दुपारी आणि दुसरे तिसऱ्या प्रहरी. एकाच झाडावर तिघे बसतात, पण प्रत्येक मादी आपल्याच जातीच्या गाण्याला साद देते. म्हणजे कॅसिनी हा काही मोठ्याचा खुजा भाऊ नव्हता, त्याचे घराणेच निराळे होते. गायनातली घराणी आपण आवाजाच्या लगावावरून ओळखतोच की!

अलेक्झांडर आणि मूर यांनी 1962 साली हा निष्कर्ष छापला. तीन घराणी, आणि प्रत्येक घराण्यात एक शाखा सतराची, एक तेराची. अशा सहा जाती. सतराच्या सेप्टेंडेसिम, कॅसिनी आणि सेप्टेंडेक्युला. तेराच्या ट्रेडेसिम, ट्रेडेकॅसिनी आणि ट्रेडेक्युला. यांतल्या तीन जातींना या ग्रंथात प्रथमच नावे मिळाली. डार्विनने मागितलेला दुसरा फरक सापडला तो असा, पण तेरा-सतराच्या जोडीतला नव्हे, तर घराण्या-घराण्यांतला.

वाटले, आता संपले. पण 1998 साली तेरा वर्षांची एक मोठी तुकडी वर आली, तेव्हा डेव्हिड मार्शल आणि जॉन कूली या दोन तरुण अभ्यासकांच्या ध्यानात आले की ट्रेडेसिम म्हणून जो किडा ओळखला जातो, त्याच्या गाण्यात दोन पट्ट्या आहेत. दक्षिणेला खालची, उत्तरेला वरची. जिथे दोघे एकत्र राहतात तिथे वरच्या पट्टीवाला आणखी वर चढून गातो, जणू माद्यांची गफलत होऊ नये म्हणून. 2000 साली त्यांनी ही सातवी जात जाहीर केली. नाव निओट्रेडेसिम, म्हणजे नवा तेरा.

हा नवा तेरा आला कुठून? पुरावे सांगतात की तो सतरा वर्षांच्या सेप्टेंडेसिमचाच जवळचा नातलग आहे. चार वर्षे आधी वर येण्याची खोड त्या घराण्यात आहेच. 2017 साली दहाव्या तुकडीतले पुष्कळ किडे 2021 ची वाट न पाहता चार वर्षे आधीच वर आले होते. सतरातून चार गेले की तेरा. असे चुकार पुष्कळ संख्येने, एकाच वेळी आले आणि तगले, तर त्यांची नवी शाखा सुरू होऊ शकते.

2013 साली क्योटो विद्यापीठाचे तेईजी सोता आणि त्यांचे जपानी व अमेरिकी सहकारी यांनी डीएनए तपासून या कुळाची वंशावळ मांडली. पहिले घराणे सुमारे एकोणचाळीस लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, उरलेली दोन सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की तेरा वर्षांचे सगळे किडे एकमेकांचे सख्खे नव्हेत. प्रत्येक घराण्यात तेरा आणि सतरा ही फूट स्वतंत्रपणे पडली. तेरा वर्षांचा किडा दुसऱ्या घराण्यातल्या तेरावाल्यापेक्षा आपल्या घरच्या सतरावाल्याला जवळचा. निव्वळ कालगणनेवरून जाती लावू नयेत, ही 1868 सालची शंका अगदीच वाया गेली नव्हती म्हणायची.

मातीखाली अंधारात हे किडे वर्षे मोजतात तरी कशी? कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रिचर्ड कारबन यांनी काही पिले अशा पीचच्या झाडांच्या मुळांवर ठेवली की ज्यांना वर्षातून दोनदा बहर येतो. ती पिले एक वर्ष लवकर वर आली. म्हणजे किडा ऋतू मोजत नाही, झाडाचे बहर मोजतो. झाड दोनदा फुलले की त्याच्या हिशेबी दोन वर्षे झाली.

आता या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे कुणी विचारील. एक उदाहरण देतो. कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात अकरावी तुकडी होती. 1954 नंतर ती कुणालाही दिसलेली नाही. फ्लोरिडाकडची एकविसावी तर 1870 नंतर दिसली नाही. जर कुणी आकडे लावले नसते, नकाशे केले नसते, तर या तुकड्या गेल्या हेसुद्धा कळले नसते. वर्षभर दिसणारे पाखरू नाहीसे झाले तर गावाला चुकल्याचुकल्यासारखे होते. सतरा वर्षांनी येणारा किडा न आला तर त्याची वाट पाहणार कोण? ज्याच्या वहीत नोंद आहे तोच.

आपल्या देशातही याला जोड आहे. मेघालयाच्या री-भोई जिल्ह्यात एक सिकाडा दर चार वर्षांनी वर येतो. तिथले खासी लोक त्याला नियांगतासेर म्हणतात. तो ते आवडीने खातात आणि तो कोणत्या साली येणार हे त्यांना ठाऊक असते. शास्त्राच्या वहीत त्याला क्रेमिस्टिका रिभोई हे नाव मिळाले ते 2013 साली. नावात त्या जिल्ह्याचेही नाव आले, हे बरे झाले. लोकांना आधी माहीत होते, शास्त्राने मागून लिहिले. फेअर्स डॉक्टरांच्या गावी झाले तेच इथेही झाले.

दहावी तुकडी, बॅनेकरने पाहिली तीच, 2021 साली येऊन गेली. पुढची फेरी 2038 साली. 2024 साली सतराची तेरावी आणि तेराची एकोणिसावी अशा दोन तुकड्या एकाच वसंतात वर आल्या. तेरा गुणिले सतरा दोनशे एकवीस. म्हणजे त्याआधी हा योग 1803 साली आला होता आणि यापुढे 2245 साली येईल. पाचवी-सहावीच्या मुलांना लघुतम सामायिक विभाज्य शिकवताना गुरुजींनी हे उदाहरण जरूर घ्यावे. आकड्यांत जीव येतो.

माणसाच्या उभ्या आयुष्यात असा किडा फार तर चार-पाच वेळा दिसायचा. एकट्याने पाहून तो कळणे शक्यच नव्हते. एकाने लिहायचे, दुसऱ्याने ते जपायचे, तिसऱ्याने पुढचा आकडा मांडायचा, अशा रीतीने या सात जाती ओळखीच्या झाल्या. आपल्या सह्याद्रीतही सिकाडे आहेत, आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या नोंदी गावोगावच्या शाळांना ठेवता येतील. खर्च काही नाही. एक वही घ्यावी. पहिला आवाज कोणत्या तारखेला ऐकला, कोणत्या वेळी, कोणत्या झाडावर, वळवाचा पाऊस आधी झाला होता की नव्हता, एवढे चार रकाने आखावेत. झाडाच्या बुंध्यावर चिकटलेली कात सापडली तर ती काडेपेटीत ठेवून वर तारीख घालावी. मुले पुढच्या वर्गात जातील, गुरुजींची बदलीही होईल. वही मात्र शाळेच्या कपाटात राहू द्यावी, म्हणजे पुढच्या वैशाखात नव्या मुलांना त्यापुढची ओळ लिहिता येईल.